द्रावक हरित खरा, पण विकरास मानवेल काय?

नीरा डाव्या कालव्यावर पोसलेल्या सोमेश्वरनगरच्या मुलखात युरियाचे पोते घरी नाही असा ऊसबागाईतदार विरळाच, आणि कुक्कुटपालन येथे रुजलेले असल्यामुळे कोंबडीखाद्यात मिसळले जाणारे कोलीन क्लोराइडही अगदीच परके नव्हे. परंतु रेणूंच्या हिशेबाने एक भाग कोलीन क्लोराइड व दोन भाग युरिया एकत्र करून ऊब दिली असता ह्या दोन कोरड्या पदार्थांचा नितळ द्रव होतो, आणि एकट्या युरियास वितळावयास 133 अंश सेल्सियस लागत असता हा द्रव 12 अंशांपर्यंत गोठत नाही, असे इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केले. सहसा हवेत न उडणाऱ्या अशा द्रावकांस हरित ही पदवी मिळाली.

ती पदवी विकरास मान्य असतेच असे नाही. विकर म्हणजे विशिष्ट घडीत बसलेले प्रथिन. घडी उलगडली की त्याचा व्यापार आटोपला. मद्यार्क ह्या द्रावकाचेच पाहा: वनस्पतिजन्य म्हणून त्याचे कुळ निर्मळच. तरी मळी आंबविताना त्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास गेले की तो निर्माण करणारे यीस्टच मंदावू लागते.

युरियाची कीर्ती तर ह्याहून वाईट, कारण प्रथिनाची घडी मोडण्यासाठी प्रयोगशाळेत त्याचाच तीव्र जलीय द्राव वापरण्याचा शिरस्ता आहे. असे असूनही, कोलीन क्लोराइड व युरियाच्या मिश्रणात लायपेज हे विकर आपले काम करीत राहते, असे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 2008 साली दिसून आले. क्लोराइडशी हायड्रोजन बंधांनी जखडलेल्या युरियास प्रथिनात हात घालण्याची सवडच उरत नाही, असा त्याचा खुलासा दिला जातो, व तो मला पटतो.

खरी मेख पाण्यात आहे. झॅक्स व क्लिबानोव ह्यांनी 1984 साली दाखविले की शंभर अंशांवर पाण्यात तत्काळ निकामी होणारे डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज जवळजवळ निर्जल सेंद्रिय द्रावकात कित्येक तास टिकते; अर्थात विकराभोवती पाण्याचा अत्यल्प थर हवाच. उपरोक्त मिश्रण काकवीसारखे दाट असल्याने त्यात रेणूंची ये-जा मंदावते. थोडे पाणी घातले की ते पातळ होऊन विकरास हुरूप येतो, पण पाणी बेसुमार झाले की बंध विस्कटून युरिया मोकळा होतो.

हाच पेच उसापाशीही येतो. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चोथ्यापासून, म्हणजे बगॅसपासून, इथेनॉल काढावयाचे तर त्यातील लिग्निन आधी दूर करावे लागते, आणि लॅक्टिक आम्ल व कोलीन क्लोराइडाचा द्रावक ते विरघळवितो. मात्र द्रावकाचा अंश मागे उरल्यास चोथ्यातून साखर सोडविणारे सेल्युलेज विकर मंदावते, म्हणून चोथा धुवावा लागतो. पाटपाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या ह्या मुलखात ते धुण्याचे पाणी आणि द्रावकाची पुनःप्राप्ती हिशेबात धरल्यावाचून त्यास हरितपणाचा दाखला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.