कंपवाताची शस्त्रक्रिया आणि घरची मिळकत

११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. १७५५ साली याच तारखेला लंडन येथे डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा जन्म झाला. म्हणून हा दिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणूनही पाळला जातो. पार्किन्सन यांनी टोपणनावाने गोरगरिबांच्या बाजूने व संसदीय सुधारणांसाठी पत्रके लिहिली आणि १८१७ साली कंपवातावरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा उपचार आज मात्र पैशापाशी येऊन अडतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारे आहे.

या रोगात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात कापतो, शरीर ताठरते, हालचाल मंदावते. लेव्होडोपा हे यावरील मुख्य औषध होय. काही वर्षांनी त्याचा परिणाम लवकर ओसरू लागतो, किंवा त्यामुळेच अनावर हालचाली सुरू होतात. अशा निवडक रुग्णांसाठी मेंदूत बारीक तारा बसवून छातीच्या त्वचेखालील बॅटरीने सौम्य विद्युतप्रवाह देण्याची शस्त्रक्रिया आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ पासून ही पद्धत विकसित केली. तिने रोग बरा होत नाही. लक्षणे आटोक्यात येतात.

शस्त्रक्रियेचे यश केवळ शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून असते, असा समज आहे. वस्तुतः घरची मिळकत तीन टप्प्यांवर आपला प्रभाव दाखवते. पहिला टप्पा निदानाचा. ज्या घरात कापणारा हात म्हणजे म्हातारपण किंवा कुणाची करणी असे समजून पुजाऱ्याकडे धाव घेतली जाते, तेथे रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत उशिरा पोहोचतो. दुसरा टप्पा निवडीचा व खर्चाचा. हा खर्च साधारणतः दहा लाखांच्या घरात जातो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण मात्र कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे आहे. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांना ही शस्त्रक्रिया फार कमी प्रमाणात मिळते, असे आढळले. विषमतेचा हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

तिसरा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. शस्त्रक्रियेनंतर विद्युतप्रवाहाचे प्रमाण जुळवण्यासाठी अनेक महिने पुन्हा पुन्हा रुग्णालयात जावे लागते. साधी बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, आणि तोही खर्च लाखांत असतो. केशोरीसारख्या गावातून नागपूरची एक फेरी म्हणजे रुग्णाच्या जोडीला एका माणसाचीही मजुरी बुडणे होय. ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत आली तर वर्षाचे गणितच कोलमडते. फेऱ्या चुकल्या, गोळ्यांच्या वेळा चुकल्या, बॅटरी संपली, की उत्तम झालेली शस्त्रक्रियाही निष्फळ भासू लागते. हा दोष रुग्णाचा नव्हे.

म्हणून आपण काय करावे? हालचाल मंदावली किंवा हात कापू लागला, तर विलंब न करता तज्ज्ञाला दाखवावे. गोळ्यांच्या वेळा वहीत नोंदवाव्यात. हे काम घरातील शिकणारे मूल सहज करू शकते. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास बॅटरी कोणती, ती किती वर्षे टिकेल आणि पुढील फेऱ्या किती, हे आधीच विचारावे. औषधांनी नीट चालत असेल, तर शस्त्रक्रियेसाठी शेत विकण्याची घाई करू नये.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. एकट्या पडलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, अशी कथा विनयपिटकात आहे. कर्तव्याची मागणी शासनाकडे आणि करुणेची मागणी स्वतःकडे, या दोन्ही गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांनी येथून सोबत न्याव्यात.