डावा पाय, उजवा पाय

सकाळी ६.१०
डोंबिवली स्टेशन. टेक्निशियनबाईंच्या पिशवीत डबा, चार्जर, सुयांची पाकिटं. नसांचे सिग्नल टिपणारं मशीन कंपनीचा टेम्पो परळच्या हॉस्पिटलात पोचवतो.

७.३०
वॉर्ड. मुलगी चौदा वर्षांची. एक्स-रेत पाठीचा बाक ६२ अंश. ५० च्या पुढचा बाक उंची वाढायची थांबल्यावरही वाढत राहतो. वडील सर्जनना विचारतात, "पाय तर जाणार नाहीत ना?"

"अशा धडधाकट मुलांत शंभरात एकापेक्षा कमी वेळा. पण शून्य नाही."

जंतुसंसर्ग, रक्तस्राव, स्क्रू सैल होणं, पुन्हा ऑपरेशन, हेही ते सांगतात. वडील सही करतात. पायांपलीकडचं त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही.

८.४०
भूल. "सर, गॅस नको. नळी घातल्यावर रिलॅक्संटही नको," बाई आठवण करतात. गॅसने सिग्नल मंदावतात, आणि सैल पडलेला स्नायू उत्तर देत नाही. म्हणून शिरेतून प्रोपोफॉल.

मग सुया. डोक्याच्या कातडीत, हातांत, मांड्यांत, पोटऱ्यांत, पावलांत. प्रत्येकीवर चिकटपट्टी. एकदा वापरली की फेकायची, त्यामुळे बिलात सुयांची वेगळी ओळ येते, आणि नातेवाईक नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतात. दाढांमध्ये गॉजची गुंडाळी. डोक्याला विजेचा झटका दिला की जबडा आवळतो, जीभ चावली जाते. गुंडाळी बाई दोनदा तपासतात.

९.२०
मुलीला पालथं केलं. पोट अधांतरी, म्हणजे शिरांवर दाब नाही, रक्त कमी जातं. डोळ्यांना काही टेकत नाही ना, बघितलं. पहिली नोंद: चारही हातपाय ठीक. पुढचं सगळं हिच्याशी ताडायचं.

१०.०० ते १२.३०
स्क्रू. सी-आर्मच्या एक्स-रेखाली मणका मोजून, मगच. सांडलेलं रक्त सेल-सेव्हर धुऊन परत देतं. बाईंचं काम कंटाळवाणं, आणि ते तसंच राहावं. अधूनमधून "करू का?" सर्जन हात वर घेतात. झटक्याने अंग हलतं. "ठीक."

१२.४२
रॉड बसवून वळवला. मशीनच्या पडद्यावर डाव्या पायाची रेघ सपाट.

"सर, थांबा. डावा गेला."

आधी वायर बघितल्या. घट्ट आहेत. उजवा पाय, दोन्ही हात शाबूत, म्हणजे भुलीचा दोष नाही. सरासरी रक्तदाब ६२. भूलतज्ज्ञ तो ८५ वर नेतात. जखमेत कोमट सलाइन. सर्जन रॉडचा ताण सोडतात. रेघ उठली नाही तर रॉड काढायचा, मुलीला टेबलावरच अर्धवट जागं करून पाय हलवायला सांगायचं. ही युक्ती फ्रान्समधली, १९७३ ची. मशीन आलं तरी ती मोडीत निघालेली नाही.

१२.५८
बारीकसा उंचवटा.

१.१५
"आली, सर. पहिल्यासारखी."

सर्जन पुन्हा वळवत नाहीत. थोडा बाक राहू देतात.

३.२०
टाके झाले. मुलगी शुद्धीवर येतेय. "बाळा, पाय हलव. आता डावा." अंगठा हलतो. बाई तोवर सुया उपसायला लागल्यात.

३.५०
मोजून सगळ्या सुया पांढऱ्या डब्यात. एक कमी. चादर झटकल्यावर सापडते. मग कँटीन: वडापाव, चहा. डबा तसाच. केसमागे ठरलेले पैसे महिनाअखेर मिळतील. सहा तास असो की दहा, रक्कम तीच.

उद्याची केस ठाण्याला. तिथले भूलतज्ज्ञ नवे आहेत. गॅसचं त्यांना रात्रीच फोन करून सांगायचंय.