मागे राहिलेले पिल्लू कसे सावरावे

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मांडली असता २१ व्या दिवशी बहुतेक पिल्ले बाहेर पडतात आणि एखादे मात्र मागाहून, ओले व थकलेले असे निघते. अंगावरील लव चिकटलेली, डोळे अर्धवट मिटलेले, इतरांच्या पायांखाली तुडवले जाणारे ते पिल्लू पाहून ‘हे काही जगत नाही’ असे म्हणून ते बाजूस टाकण्यात येते. हा निर्णय पुष्कळदा घाईचा ठरतो. चार-पाच कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबास एक तलंग अधिक मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

अशा पिल्लात उपजत दोष असतोच असे नाही. कोंबडी उबवणीस बसल्यावरही दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडी घालतात, किंवा घरची मंडळी नंतर दोन-चार अंडी त्यांत ठेवतात. ही अंडी तितकेच दिवस मागे पडतात. पहिली पिल्ले चालू लागताच कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी गार होतात. शिवाय पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश असते. तेव्हा लहान अंड्यातून पिल्लूही लहानच निघावयाचे. मात्र पोट फुगलेले, नाभी ओली व दुर्गंधीयुक्त असल्यास तो रोगसंसर्ग होय. असे पिल्लू क्वचितच वाचते. ते इतरांपासून ताबडतोब दूर करावे.

पहिली गरज उबेची आहे, अन्नाची नव्हे. पिल्लाच्या पोटात उरलेल्या बलकावर त्याचे दोन दिवस सहज निभावतात, परंतु गारठलेल्या पिल्लास अन्न पचत नाही. खोक्यात किंवा डालग्यात भाताचे तूस पसरून त्यावर गोणपाट घालावे आणि एका कडेस ४० किंवा ६० वॅटचा तारेचा दिवा टांगावा. हल्लीचे एलईडी दिवे या कामी निरुपयोगी आहेत, कारण त्यांपासून पुरेशी ऊब मिळत नाही. वीज गेल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी. पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी. उष्णतामापक नसला तरी पिल्लूच उत्तर देते. गारठले तर ते सतत कर्कश चिवचिवते. तापले तर चोच उघडून धापा टाकीत दूर सरकते. म्हणून दुसरी कड गार ठेवणे अवश्य आहे. सोबतीस एखादे शांत पिल्लू ठेवल्यास त्याचे पाहून हेही टिपू लागते.

अंगात ऊब आली म्हणजे पाणी द्यावे. पेलाभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा गूळ विरघळवून त्याचा थेंब चोचीच्या कडेस लावावा; पिल्लू तो आपण होऊन गिळते. घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. गूळपाणी एकच दिवस पुरे. पुढे साधे पाणी उथळ बशीत, खडे घालून ठेवावे, म्हणजे बुडण्याचे भय राहत नाही.

आरंभी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला तरी चालतो. त्यानंतर मात्र नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कण्यांत प्रथिने सुमारे १० टक्के, तर पिल्लाची गरज सुमारे २० टक्क्यांची असते. कोंबडी उकिरडा उकरून किडे व उधई खाऊ घालते ती याच कारणाने. पिल्लांचे तयार खाद्य मिळत असेल तर तेच द्यावे. मानेच्या बुडाशी असलेली अन्नाची पिशवी रात्री चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर पिल्लाने खाल्ले असे समजावे.

विष्ठा गुदद्वारास चिकटून वाळली असल्यास ती ओढून काढू नये, कातडी सोलते. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून पुसावी व पिल्लू कोरडे करूनच ठेवावे. विष्ठेत रक्त दिसल्यास ती रक्ती हगवण समजून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. मनाने प्रतिजैविके देणे गैर आहे. राणीखेतची पहिली लस साधारण ५ ते ७ दिवसांच्या वयात देतात; आजारी पिल्लास ती केव्हा द्यावी हे पशुवैद्यकास विचारावे.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. दोन-तीन दिवस ते वाढत गेले की पिल्लू सावरले. मग दिवसाउजेडी त्यास एकदम कळपात सोडू नये. कोंबडी परके समजून टोचते. रात्री अंधारात, सोबतच्या पिल्लासह, तिच्या पंखाखाली हलकेच सारावे आणि पहाटे पाटी उघडण्यापूर्वी जवळ थांबावे. कोंबडीने टोचलेच, तर दोघांना परत डालग्यात घेऊन स्वतंत्र वाढवावे.