जास्वंदीवरील मावा

जास्वंदीची कोवळी फूट व कळ्या यांवर दाटीने बसणारा हा मऊ शरीराचा रसशोषक कीटक ‘कपाशीवरील मावा’ या नावाने अधिक परिचित आहे. शास्त्रीय नाव ॲफिस गॉसिपाय, कुल ॲफिडिडी. ग्लोव्हर यांनी 1877 मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी 1 ते 2 मिमी. थंड हवेत तो गर्द हिरवा ते काळपट, तर कडक उन्हाळ्यात फिकट पिवळा व लहान दिसतो. त्यामुळे एकच जाती दोन वेगळ्या जाती असल्याचा समज होतो. उदराच्या मागील बाजूस असलेल्या दोन काळ्या नळ्या ही त्याची खूण होय.

उष्ण प्रदेशात मादी समागमाशिवाय थेट पिलांना जन्म देते. उबदार हवेत पिले सु. आठवड्यात प्रौढ होतात. गर्दी वाढली म्हणजे पंख असलेल्या माद्या निपजतात व दुसऱ्या झाडांवर जातात. रसशोषणाने पाने मुरडतात व कळ्या गळतात. माव्याने टाकलेल्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. त्या द्रवासाठी मुंग्या माव्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. बागेतील कंदवर्गीय झाडांपैकी लिलीवरही हा मावा आढळतो. तेथे रसशोषणापेक्षा व्हायरस रोगांचा प्रसार अधिक घातक ठरतो, कारण रोगट कंदातून रोग पुढील लागवडीत उतरतो.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हा सावित्री नदीच्या खोऱ्यातील अतिपावसाचा प्रदेश आहे. जोरदार सरींनी मावा धुऊन जातो. पाऊस उघडल्यावर नव्या फुटीबरोबर तो पुन्हा वाढतो. परसातील जास्वंदीपासून तो भेंडी, वांगी व काकडीवर्गीय वेलींवर जाऊ शकतो. भातकापणीनंतर शिल्लक ओलीवर घेतलेल्या वालावरील काळ्या माव्याचा दोष मात्र जास्वंदीला देणे योग्य नाही. ती ॲफिस क्रॅसिव्होरा ही वेगळी जाती होय. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोगही माव्यामुळे नव्हे, तर पांढऱ्या माशीमुळे पसरतो. कुंपण तोडल्याने यांपैकी काहीच थांबत नाही.

जास्वंदीची फुले पूजेसाठी रोज हाताळली जात असल्याने तिच्यावर विषारी कीटकनाशके फवारणे टाळावे. कीडग्रस्त शेंडे खुडून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा किंवा 5% निंबोळी अर्क फवारावा. ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा खातात. त्या पुरेशा दिसत असल्यास कोणतीही फवारणी करू नये. या काळपट, खडबडीत अळ्यांनाच कीड समजून चिरडले जाते.