मासेमारी बंदी ६० दिवसांची की ६१? एका दिवसासाठी कॉम्प्युटर असा गंडतो

एडवण, दातिवरे, सातपाटी. पालघरच्या या किनाऱ्यावर १ जून उजाडला की यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र, ही त्यामागची कारणं.

आता पटकन सांगा, ही बंदी किती दिवसांची?

वर्षाचे दिवस १ पासून मोजले तर १ जून हा १५२ वा दिवस आणि ३१ जुलै हा २१२ वा (लीप वर्षात एकेक पुढे). २१२ वजा १५२ म्हणजे ६०. पण बंदी असते ६१ दिवसांची! दोन्ही टोकं धरायची असतील, तर वजाबाकीत १ मिळवावाच लागतो.

ही चूक भल्याभल्यांची होते, कारण कॉम्प्युटरच्या भाषाही एकमताच्या नाहीत. आकडेशास्त्रासाठी वापरली जाणारी 'आर' ही भाषा १५२:२१२ म्हटल्यावर दोन्ही टोकं धरते, म्हणजे ६१ आकडे. पायथनमध्ये रेंज १५२ ते २१२ दिली, तर शेवटचा आकडा सुटतो आणि उरतात ६०. म्हणजे ३१ जुलैला समुद्रात गेलेली होडी एका हिशेबात बंदी मोडणारी, तर दुसऱ्यात निर्दोष.

सगळे आकडे कशाला लिहायचे?

६१ आकडे लिहून ठेवण्यापेक्षा 'सुरुवात १५२, शेवट २१२' एवढी जोडी पुरते. असे अनेक पट्टे असले की दोन रकान्यांचा तक्ता करायचा. एका ओळीत एक पट्टा.

आता समजा, एका होडीच्या मालकाला विचारलं, "किती दिवस होडी बंद होती?" त्याने तीन नोंदी दिल्या :

- इंजिनाची दुरुस्ती : १४० ते १५५ (१६ दिवस)
- बंदी : १५२ ते २१२ (६१ दिवस)
- वादळी हवामान : २१० ते २१६ (७ दिवस)

सरळ बेरीज ८४. पण हे चूक आहे. १५२ ते १५५ हे चार आणि २१० ते २१२ हे तीन दिवस दोनदा मोजले गेले.

मग बरोबर कसं मोजायचं?

आधी पट्टे सुरुवातीच्या आकड्यानुसार लावून घ्यायचे. मग एकेक बघत जायचं. पुढचा पट्टा आधीचा संपण्याआधी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होत असेल, तर दोन्ही जोडायचे आणि शेवट म्हणून मोठा आकडा ठेवायचा. मध्ये मोकळा दिवस असेल, तर नवा पट्टा सुरू.

इथे उरतो एकच पट्टा, १४० ते २१६. म्हणजे ७७ दिवस. त्यातून बंदी वजा केली की उरतात १४० ते १५१ आणि २१३ ते २१६, एकूण १६ दिवस. बंदी नसती तरच्या नव्हे, तर बंदीव्यतिरिक्त बुडालेले दिवस हेच. नुकसान मागायचं तर हाच आकडा टिकतो.

आरमध्ये या कामासाठी 'आयरेंजेस' नावाचं तयार पॅकेज आहे. त्यात 'रिड्यूस' पट्टे जोडतं, 'इंटरसेक्ट' सामाईक भाग काढतं आणि 'सेटडिफ' वजाबाकी करतं. मुळात ते बनलं जनुकांच्या अभ्यासासाठी. माणसाच्या पहिल्या गुणसूत्रावर २४ कोटींहून जास्त जागा असतात. तिथे एकेक आकडा लिहीत बसणं परवडणारं नाही.

वर्ष बदललं तर?

३१ डिसेंबरनंतर मोजणी पुन्हा १ वर येते आणि दोन वर्षांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. म्हणून आर तारखा १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत मोजतं. त्या हिशेबाने १ जून २०२५ म्हणजे २०२४० आणि ३१ जुलै म्हणजे २०३००. फरक पुन्हा ६०, आणि उत्तर पुन्हा ६१.

त्यामुळे कुठल्याही तक्त्यात 'पासून–पर्यंत' दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारा : शेवटचा दिवस धरलाय का?