रूथ ग्लास: वस्तीत कोण राहतं, कोण उठतं

समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांचा जन्म १९१२ साली बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. नाझी सत्तेवर येण्याच्या सुमारास त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढचं जवळजवळ सगळं काम लंडनमध्ये केलं.

१९३९ साली प्रसिद्ध झालेलं ‘वॉटलिंग’ हे त्यांचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक. शहराच्या वायव्य कडेला लंडन काउंटी कौन्सिलने उभारलेल्या कामगार वसाहतीचा तो अभ्यास. आसपासच्या जुन्या रहिवाशांनी नव्यांना पाहून नाकं मुरडली, म्हणून सुरुवातीला नव्यांची एकजूट झाली. विरोध ओसरला तशी तीही विरली. घरं शेजारी बांधली की शेजार आपोआप तयार होतो, या नियोजनकारांच्या विश्वासाला हा पहिला धक्का होता. नंतर मिडल्सब्रो शहराच्या पाहणीतही तेच आढळलं. नकाशावरचा मोहल्ला आणि लोकांचा प्रत्यक्ष वावर जुळत होते ते प्रामुख्याने गरीब, इतरांपासून तुटलेल्या भागांत. हे निष्कर्ष १९४८ च्या पुस्तकात आले.

इंग्रजी नियोजनात शहराविषयीच नावड मुरलेली आहे, हा ग्लास यांचा कायमचा आक्षेप. तो आजही तितकाच खरा वाटतो. १९५८ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये नागरी अभ्यास केंद्र सुरू झालं आणि त्या त्याच्या संचालक झाल्या. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये वर्णद्वेषी दंगली पेटल्या. दोन वर्षांनी आलेल्या ‘न्यूकमर्स’मध्ये त्यांनी वेस्ट इंडीजहून आलेल्यांचं घर, काम आणि त्यांना सोसावा लागणारा भेदभाव तपशिलाने मांडला.

त्यांचं नाव मात्र एका शब्दामुळे राहिलं. १९६४ च्या ‘लंडन: अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ चेंज’च्या प्रस्तावनेत त्यांनी ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द वापरला. इंग्लंडमधल्या खानदानी जमीनदारांच्या ‘जेंट्री’वरून तो घडवला होता. कामगारांची साधी, छोटी घरं आणि खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेले जुने वाडे मध्यमवर्ग विकत घेऊन डागडुजी करत होता, भाडेपट्टा संपला की जुने भाडेकरू बाहेर पडत होते. एकदा हे सुरू झालं की बहुतेक मूळ रहिवासी उठेपर्यंत थांबत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. मुंबईच्या गिरणगावातल्या बदलांवर लिहिणारे अभ्यासक आज हाच शब्द वापरतात. मार्क्सवादी असल्याने ग्लास यांची नजर इमारतीच्या रंगरंगोटीवर न थांबता तिथून उठलेल्या माणसांकडे जाई. १९९० साली त्यांचं निधन झालं.