पोळ्यापासूनचा खोकला

वडनेर भोलजीतल्या या घराची पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरली आहे. भाव चढेल म्हणून थांबलेला कापूस. मागे चुलीत पऱ्हाट्या धुमसताहेत. मधल्या पडवीत चार वर्षांचा मुलगा खोकतोय. त्याच्या खोकल्याचं निम्मं कारण घरातच आहे, पण कापूस हलवा असं सांगणार कोण?

आजी आलं ठेचते, तुळशीची पानं चुरडून पातेल्यात टाकते, वर गुळाचा खडा. काढा कोमट झाल्यावर मुलगा तोंड वाकडं करत दोन घोट घेतो. पाठोपाठ मधाचं बोट पाळण्यातल्या तान्ह्याकडे निघतं, तोच गावची आशाताई उंबऱ्यातूनच ओरडते, "आजी, त्याले नोका देऊ! वर्षाच्या आत मध नाही." मधातल्या जंतूंचं विष तान्ह्याच्या आतड्यात तयार होऊ शकतं. मोठ्याला झोपताना चमचाभर चालतो.

सून फळीवरून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढते. आशाताई ती मागून घेऊन सरळ पिशवीत टाकते. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं अशाच एका औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने दगावली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या कितीतरी जणांना नागपूरला हलवलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलांना ही औषधं सहसा देऊच नयेत, असं तेव्हा केंद्र सरकारनेही कळवलं.

आता ती मुलाचा सदरा वर करते. मोबाइलवर मिनिट लावते आणि नुसती पोटाकडे बघत राहते. तेहतीस श्वास. या वयाला चाळीस किंवा जास्त भरले असते, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला असता, किंवा पोरगं पाणीही पीत नसतं, तर तिने रिक्षाच बोलावली असती. "काढा द्या, पानी पाजा, चुलीपासून दूर ठेवा."

सगळ्यांचा जीव पोरात. मला मात्र मघापासून खाटेवरून दुसराच खोकला ऐकू येतोय, जुना, ओला. आशाताईही तिकडे वळते.

"बाबा, कधीपासून हाये?"

"बिडीचा हाये तो."

"कधीपासून?"

"पोयापासून," आजीच सांगते.

म्हणजे अडीच महिने. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याचा बेडका तपासायचा असतो, आणि बाबांचा सदरा तर खांद्यावरून घसरतोय. आशाताई टीबीचं नाव घेते तशी आजी दाराकडे बघते, "हळू बोल वं."

तपासणी फुकट, निघालाच तर औषधंही फुकट, साधारण सहा महिने. आशाताई झाकणाची डबी काढते. "सकाळी चूळ भरा, अंगणात उभं राहून खोलवरून खोका. थुंकी नाही, छातीतला बेडका पायजे."

"उद्या कापसाचा व्यापारी येनार हाये," बाबा म्हणतात.

"मंग त्याच्या आधी. सात वाजता येतो मी."